जिप्सीला इंजेक्शन

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

ही वही चुकून घरात आली. सकाळी कनकानं स्वयंपाकघरातून "वही आणा" असं सांगितलं. मी दोन गल्ल्या हिंडून चांगली जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली, तर तिनं कपाळाला हात लावला. "दही! दही म्हटलं मी." हल्ली ती फार पुटपुटते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण हे पुटपुटणं दोन-तीन वर्षांतलंच. वयाचा परिणाम. मी परत जाऊन दही आणलं. वही वाया जाऊ नये म्हणून लिहायला बसलो आहे.

लिहायची सवय तशी जुनीच. मिरजेहून सत्त्याऐंशी साली इथे तमिळ मुलखातल्या आवडी गावी, लष्करी इंजिनांच्या कारखान्यात नोकरीवर आलो आणि निवृत्त होईपर्यंत इंजिन टेस्टिंगला होतो. रोज लॉगबुक भरायचं. आता टेस्ट करायला एकच इंजिन उरलंय, आमच्या जिप्सीचं. सत्त्याण्णवची गाडी, लष्कराच्या लिलावात घेतलेली, कार्ब्युरेटरवाली. पंधरा वर्षं तिचा स्क्रू माझ्याशिवाय कुणी फिरवलेला नाही.

पण मागच्या महिन्यात तिनं दगा दिला. कनकाचे थोरले भाऊ गुंडोराव जव्वादूच्या डोंगरात राहतात. बँकेतून निवृत्त झाले आणि तिथे मधमाश्या पाळतात. त्यांच्या घरापर्यंत शेवटचा दीड मैल नुसता दगडधोंड्यांचा चढ. त्या चढाच्या मधोमध इंजिन काही सूचना न देता बंद पडलं आणि गाडी दहा-बारा फूट मागे घसरली. मागचं चाक एका धोंड्याला टेकलं म्हणून वाचलो. चढावर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मागे कलंडतं आणि इंजिन गुदमरतं, त्यातलाच प्रकार. मागून दुधाची एक जीप येत होती. तिचा ड्रायव्हर उतरून माझ्याशी हातवारे करून भांडला. एवढं होतं तर हॉर्न वाजवायचा होता!

तेव्हापासून कनका तिच्या माहेरच्या, इकडच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणते, "मज त्या गाडीत बसायचं नाही." येताना ती चक्क बसनं आली. मी एकटा जिप्सीत. दोनशे किलोमीटर शेजारची सीट रिकामी.

रविवार, १७ नोव्हेंबर

नीलम आली होती. आमची लेक ओरगडमला गाड्यांच्या कंपनीत इंजिनांचं कॅलिब्रेशन करते. म्हणजे मी जे कानानं करायचो ते ती लॅपटॉपवर करते.

चहा होतो न होतो तोच म्हणाली, "बाबा, जिप्सीला फ्युएल इंजेक्शन बसवू या. कार्ब काढून टाकू."

मी म्हटलं, "आधी माझं ट्यूनिंग ऐक." खाली जाऊन बॉनेट उघडलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून मी मिक्श्चर जुळवलं, कारखान्यात जुळवायचो तसं. तिथे दुसऱ्या शेडमधले इंजिनियर मला बोलवायला यायचे. कुठलं बेअरिंग जाणार, कुठला व्हॉल्व्ह सैल आहे, हे मी पाच मिनिटांत सांगायचो. 'विद्यासारचा कान' असं म्हणायचे, म्हणजे विद्या सरांचा, माझा.

जुळवून झाल्यावर नीलमकडे पाहिलं. ती कनकाकडे पाहत होती. "बाबा, एक सिलिंडर मारत नाहीये. फट्‌ फट्‌ होतंय."

"तो तिचा तालच आहे," मी म्हटलं. लॅपटॉपवर वाढलेल्या पिढीला ताल काय कळणार.

शेवटी मात्र मी कबूल झालो. नीलम म्हणाली की इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबानं येतं, गाडी चढावर असो नाहीतर उलटी टांगलेली असो, इंजिन बंद पडत नाही. मी कनकाला विचारलं, "मग बसशील?"

ती काहीतरी म्हणाली. बहुतेक 'हो'.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

पुदुपेट्टै. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा असा बाजार दुसरीकडे नसेल. एका दुकानात नुसते दरवाजे, एकात नुसते गिअरबॉक्स, आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. याच जातीचं इंजिन असलेली इंजेक्शनची गाडी मोडीत निघाली होती. तिचं मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी आणि चार इंजेक्टर मिळाले. दुकानदार तोंडात पान ठेवून बोलत होता, त्यामुळे तीनदा विचारावं लागलं. चौथ्यांदा त्यानं कागदावरच लिहून दिलं. समजूतदार माणूस.

घरी येताना मेट्रोत शेजारच्या मुलीला वाटलं मी तिच्याशी बोलतोय. मी स्वतःशीच बोलत होतो, तेही हळू. लोक उगाच वळून बघतात.

सोमवार, २ डिसेंबर

दोन दिवस पावसानं गल्लीत गुडघाभर पाणी. जिप्सी विटांवर चढवून ठेवली होती म्हणून वाचली. आज ओसरलं.

वायरिंगसाठी नीलमनं सीतालक्ष्मी नावाच्या बाईंना आणलंय. अंबत्तूरला त्यांचं स्वतःचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पन्नाशीच्या असतील, केसांत मोगरा आणि कमरेला टेस्टर. गाडीभोवती एक फेरी मारून त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "सार, हिच्या जुन्या वायरी म्हणजे उंदरांचं लग्नघर आहे. सगळ्या काढते." मला ही बाई फार आवडली. मोठ्यानं आणि स्पष्ट बोलते. हल्ली असं कुणी बोलत नाही.

रविवार, ८ डिसेंबर

आज कार्ब्युरेटर काढला.

चार नट. पंधरा वर्षांत शंभरदा काढला असेन, पण परत न बसवण्यासाठी पहिल्यांदाच. पेट्रोलनं धुतला, ब्रशनं घासला, जेट फुंकून साफ केले. मग लक्षात आलं की हे सगळं कशासाठी? नीलम म्हणाली, "बाबा, ठेवून द्या कपाटात."

खरं लिहायचं तर वाईट वाटलं. इंजेक्शनच्या इंजिनात सेन्सर सगळं ठरवतात. एक हवा मोजतो, एक पाण्याची उष्णता, एक धुरातला ऑक्सिजन. एक तर नुसतं ऐकायलाच आहे. इंजिनात ठोके पडू लागले की तो कॉम्प्युटरला कळवतो. नीलम म्हणाली, "हा मी मुद्दाम बसवतेय." मी म्हटलं, "मी आहे की ऐकायला." ती वाकून बोल्ट आवळत राहिली.

मग या गाडीत माझं काम काय उरलं?

बुधवार, ११ डिसेंबर

शेजारचे नारायणस्वामी आले. आमच्या टीव्हीच्या बातम्या त्यांच्या देवघरापर्यंत येतात म्हणे. त्यांच्या भिंती पातळ आहेत, मी काय करणार? कनकानं त्यांना कॉफी दिली आणि दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते.

रविवार, १५ डिसेंबर

इंजिन चालू झालं!

दुपारी तीन वाजता. जुना डिस्ट्रिब्यूटर गेला, त्याच्या जागी नवी इग्निशन. डॅशबोर्डचे दिवे अजून जोडायचे आहेत, बाकी सगळं जागच्या जागी. नीलम मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारच्या सीटवर आणि सीतालक्ष्मी अग्निशामक घेऊन बॉनेटपाशी. "किल्ली अर्धीच फिरवा," नीलम म्हणाली. मग म्हणाली, "ऐकलंत? पंप भरला."

मी 'हो' म्हणालो. पंप अगदी शांत आहे, आवाज म्हणून नाही. दर्जा चांगला दिसतो.

मग पूर्ण किल्ली. आधी खोकली, मग एकदम असा गडगडाट केला की नारायणस्वामी लुंगी सावरत गच्चीवर आले. सायलेन्सर लावायचा राहिला होता. पण काय आवाज! छातीत घुमत होता. सीतालक्ष्मींनी देवाला हात जोडले. नीलमनं मला मिठी मारली, हातभर ग्रीससकट. कनका दारात उभी राहून हसत होती. कानांवर हात ठेवून, पण हसत होती.

गुरुवार, १९ डिसेंबर

एकट्यानं चालू करायला गेलो. अर्धा तास स्टार्टर मारला. बॅटरी उतरली, पण इंजिन ढिम्म. सीतालक्ष्मींना फोन केला. फोनवर त्या काय म्हणाल्या ते नीट कळलं नाही, फोनचा स्पीकर गेलाय. तासाभरात स्वतःच आल्या, किल्ली अर्धी फिरवली आणि म्हणाल्या, "सार, पंपाचा आवाजच येत नाही की! फ्यूज गेलाय. तुम्हाला कळलं नाही?"

मी म्हटलं, "हा पंप आवाज करतच नाही."

त्यांनी फ्यूज बदलला आणि पुन्हा किल्ली फिरवली. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "आता?"

"शांत आहे," मी म्हटलं.

त्यांनी टेस्टर कमरेला अडकवला. आज फ्यूजचे पैसेही घेतले नाहीत. चांगल्या आहेत बिचाऱ्या.

रविवार, २९ डिसेंबर

आज जे झालं ते लिहावं की नाही, याचा दुपारपासून विचार करतो आहे. लॉगबुकात आपल्याला नको असलेलं रीडिंगही लिहायचं असतं. म्हणून लिहितो.

नीलमचं ट्यूनिंग काल संपलं. सायलेन्सर बसला, इंजिनाखालची झिजलेली रबरं बदलली. आज सकाळी कनका म्हणाली, या खेपेस अगदी स्पष्ट, "चला, एक फेरी मारून येऊ." मी नवा शर्ट घातला. ती शेजारी बसली. नीलम फाटक उघडायला गेली, नारायणस्वामी आपल्या फाटकात पेपर घेऊन उभे.

मी किल्ली फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. हाताला खरखर जाणवली, पण इंजिन उठेना. तिसऱ्यांदा फिरवली. कनकानं माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "थांब, होईल," आणि चौथ्यांदा फिरवली. समोर पाहिलं तर नीलम दोन्ही हात हलवत धावत येत होती आणि नारायणस्वामींनी पेपर कानांवर दाबला होता.

कनकानं माझा हात किल्लीवरून काढला आणि डॅशबोर्डवर ठेवला. तिचा हात वर, माझा खाली.

पत्रा थरथरत होता. बारीक, एकसारखा, झोपलेल्या मांजरासारखा.

इंजिन चालू होतं. पहिल्याच किल्लीला चालू झालं होतं. आणि मी चालत्या इंजिनावर तीनदा स्टार्टर घातला होता. त्याचा आवाज कसा असतो हे मला माहीत आहे. पत्र्यावर करवत चालवल्यासारखा. गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. मला नाही आला.

कनकानं किल्ली बंद केली, माझ्याकडे तोंड केलं आणि एक एक शब्द सुटा करून बोलली. "मज गाडीची भीती नाही. त्या दिवशी चढावर इंजिन दहा मिनिटं फटफटत होतं. मी तुम्हांस सांगितलं, थांबा. दुधाच्या जीपवाल्यानं हॉर्नवरचा हात उचलला नाही. आपण त्याच्यावर घसरत होतो, तो ओरडत होता. तुम्ही आरशातही पाहिलं नाही. तुम्हांस काही काही ऐकू येत नाही. त्याची भीती."

"मग हे आधी सांगायचं होतं," मी म्हटलं.

"तीनदा सांगितलं," नीलम खिडकीतून म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही आवरत नव्हतं. "एकदा तुम्ही म्हणालात, 'जेवायला अजून वेळ आहे.'"

गुरुवार, २ जानेवारी २०२५

चार दिवस कुणाशी बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही. ते बोलले असतील.

ही वही पहिल्यापासून वाचून काढली. दही, पानवाला दुकानदार, नारायणस्वामींच्या पातळ भिंती, शांत पंप. सगळं माझ्याच अक्षरात आहे. शिकाऊ पोरानं एवढी रीडिंग समोर असताना दोष ओळखला नसता तर मी त्याला शेडबाहेर काढलं असतं.

राग कुणाचा हेच कळत नाही. कारखान्यात कानांवर लावायचे मफ द्यायचे, मी ते गळ्यात अडकवून ठेवायचो. मफ लावले तर इंजिन ऐकू कसं येणार? माझा कान हीच माझी किंमत, असं वाटायचं. आता कानच नाही तर 'विद्यासार' म्हणजे कोण? साठी उलटलेला एक माणूस, जो चुकीच्या वस्तू आणतो.

कनका संध्याकाळी शेजारी येऊन बसली. तूरडाळ निवडत राहिली. मीही अर्धी निवडली.

सोमवार, ६ जानेवारी

कानाची तपासणी. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ मला वाटलं यंत्र सुरूच झालेलं नाही. बाहेर पाहिलं तर तपासणाऱ्या डॉक्टरबाई गंभीरपणे बटणं फिरवत होत्या.

मग त्यांनी आलेख दाखवला. तो पाहिला आणि का कोण जाणे, बरं वाटलं. आलेख मला वाचता येतो. खालच्या कंपनसंख्यांना रेघ थोडी उतरलेली, मग दोन हजारांपासून घसरण आणि चार हजारांवर सरळ दरी. इंजिनाचा घुमार मोठा असला तर ऐकू येतो, पण पंपाची गुणगुण नाही. बोललेलं येतं, पण 'द' आणि 'व' वेगळे येत नाहीत. सगळ्या तक्रारींचा खुलासा एका पानावर. इतकं स्वच्छ निदान मी क्वचितच पाहिलं आहे.

मी विचारलं, "हे पट्ट्यापट्ट्यानं वाढवता येतं? फक्त जिथे दरी आहे तिथे?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेच करतो आम्ही. यंत्र लॅपटॉपला जोडून ट्यून करायचं."

मागे बसलेली नीलम खुदकन हसली असावी. तिचे खांदे हलत होते.

सोमवार, २० जानेवारी

यंत्रं मिळाली. दोन्ही कानांना, करंगळीच्या नखाएवढी.

पहिला दिवस भयंकर. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर वीज कडाडल्यासारखं वाटलं. रिक्षा, कावळे, भांडी, सगळं एकदम अंगावर. दोनदा काढून ठेवली. नीलमनं सांगितलं, "बाबा, नव्या इंजिनालासुद्धा रनिंग-इन लागतं." माझंच वाक्य, तिच्या पहिल्या स्कूटरच्या वेळचं.

संध्याकाळी खाली गेलो. अर्धी किल्ली. मागून दोन सेकंद बारीक 'झ्झ्झ' आलं आणि थांबलं. पंप! पूर्ण किल्ली फिरवली आणि लगेच सोडली. बॉनेट उघडून वाकलो. इंजेक्टर टिकटिकत होते. चार इंजेक्टर, सोनाराच्या हातोडीसारखी टिकटिक. आणि चारांतला तिसरा किंचित जड. नीलमला फोन केला. फोनचा स्पीकर एकदम ठणठणीत! ती म्हणाली, "लॅपटॉपवर मला सगळे सारखे दिसले होते, बाबा." रविवारी तिनं येऊन तो काढून पाहिला, तर त्याच्या तोंडाशी खरंच काजळी होती.

हे रविवारचं वाक्य आज सव्वीस तारखेला लिहिलं आहे. मुद्दाम त्याच दिवसाखाली लिहिलं.

शनिवार, १ फेब्रुवारी

गुंडोरावांचं घर, जव्वादू. अंगणात बसून लिहितो आहे. सकाळी दहाची वेळ, ऊन कोवळं.

काल चढ आला. कनका शेजारी. मी यंत्रं लावलेली आहेत हे ती विसरली असावी, कारण पायथ्यालाच ती स्वतःशी, अगदी तोंडातल्या तोंडात, तमिळ-मराठीची खिचडी करून बोलू लागली. "मुरुगा, हे दुसऱ्या गिअरात चढवणार बघ. सांगून उपयोग नाही. शर्टाचं बटणही वर-खाली लावलंय. पण दिसतात बरे."

मी पहिला गिअर टाकला. मग एका हातानं शर्टाचं बटण नीट केलं.

ती दचकून माझ्याकडे बघायला लागली. "ऐकलंत?"

"सगळं. शेवटचंसुद्धा."

"अय्यो," म्हणाली आणि पदरात तोंड लपवून इतकी हसली की खिडकीबाहेरच्या शेळ्या बाजूला झाल्या. तीन वर्षं ती माझ्या शेजारी बसून असं मोकळेपणानं बोलत आली आहे! काय काय बोलली असेल कोण जाणे. मी विचारलं. सांगत नाही.

ऐन चढावर, जिथे गाडी घसरली होती तिथे, मी मुद्दाम ब्रेक दाबून उभा राहिलो. नाक आभाळाकडे. इंजिन एकसारखं चालत राहिलं. मी ते ऐकत होतो, आणि कनका मला ऐकताना बघत होती. मग वर आलो. गुंडोराव वाटेवर येऊन उभे होते, नेहमीसारखे हातवारे करत. पण ते हातवारे करून बोलत असतात हे मला आता कळलं. "या जावईबापू, या!" भारदस्त आवाज आहे त्यांचा. मी विसरलोच होतो.

आज सकाळी लवकर गुंडोरावांचं सामै नावाच्या भरड धान्याचं, कापणी झालेलं शेत पाहायला जिप्सीतून गेलो होतो. सपाट, मोकळं, कडेला मधमाश्यांच्या पेट्या. कनकानं समोर पाहत, ओठही फारसे न हलवता म्हटलं, "पूर्वी ही गाडी फक्त तुमच्याच हातास वश होती. चोक ओढा, थांबा, पुन्हा ओढा. आता नुसती किल्ली फिरवायची. एवढं तर मजसुद्धा येईल."

इतक्या हळू की यंत्रं नसती तर मी 'हं' म्हणून पुढे गेलो असतो. आणि ती गप्प बसली असती.

मी गाडी थांबवली. उतरून तिच्या बाजूला गेलो, दार उघडलं आणि म्हटलं, "सरक तिकडे. उजवा पाय ब्रेकवर, डावा क्लचवर. मधमाश्यांच्या पेट्यांपासून तेवढी लांब राहा."